डेव्हन बेट : जिथे काहीच कुजत नाही

पहिला दिवस : रेझोल्यूट

ओटावाहून निघालेलं चार्टर विमान इकालुइटला इंधनासाठी थांबलं आणि पुन्हा उत्तरेला लागलं. खिडकीतून झाडं दिसणं केव्हाच बंद झालं होतं. आता खाली नुसता करडा दगड, मध्ये पांढरे चट्टे आणि सगळीकडे पाण्याची डबकी. रेझोल्यूटची धावपट्टी खडीची आहे. चाकं टेकली की पायाखाली करकर ऐकू येते आणि शेजारचा प्रवासी आपोआप खुर्चीचा हात घट्ट धरतो.

ताई माझ्या आधी उतरली. पुण्यातल्या कॉलेजात तिने आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मुलांनी युरोप सहलीचा आग्रह धरला, तर हिने नकाशावर कॅनडाच्या टोकाकडचं एक बेट दाखवलं आणि मला फोन केला, "तू तिथेच राहतोस ना? मग चल." ओटावापासून डेव्हन बेट तीन हजार किलोमीटरवर आहे, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता.

रेझोल्यूट हे डेव्हनच्या शेजारच्या कॉर्नवॉलिस बेटावरचं गाव. जेमतेम दोनशे माणसांची वस्ती. अक्षांश ७४.७ उत्तर. एप्रिलच्या अखेरीस इथला सूर्य मावळायचं सोडतो तो थेट ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत उगवतच नाही. वर्षाचं सरासरी तापमान उणे १५ अंशांच्या आसपास. जुलै सगळ्यात उबदार, म्हणजे चार-पाच अंश. डेव्हनवर कायमची वस्ती नाही, त्यामुळे तिथल्या हवेबद्दल बोलताना बहुतेक वेळा रेझोल्यूटचे आकडेच पुढे येतात.

मला थंडीपेक्षा पावसाच्या आकड्याने चकित केलं. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून १६० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवसात एवढं पडून जातं. थंड हवेत बाष्प मावतच नाही, समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला, त्यामुळे ढगांना मालमसाला मिळणार कुठून? "आपण बर्फाळ प्रदेशात नाही, वाळवंटात आलोय. उरलेले दिवस हे विसरू नकोस," ताईने बजावलं. पुढे जे जे पाहिलं, त्यातल्या निम्म्या गोष्टींचं उत्तर या वाक्यात होतं.

बोटीवर चढायला वेळ होता म्हणून गावात एक चक्कर मारली. समुद्राकडे पाहणाऱ्या एका माणसाचा दगडी पुतळा आहे तिथे. १९५३ मध्ये कॅनडा सरकारने उत्तर क्विबेकमधल्या, हडसन उपसागराच्या काठावरच्या इनुक्जुआकमधून काही इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, इथे आणि एल्समिअर बेटावरच्या ग्रीस फियर्डला आणून सोडली. शिकार भरपूर आहे, आवडलं नाही तर दोन वर्षांनी परत नेऊ, असं सांगितलं होतं. परत नेण्याचा शब्द पाळला गेला नाही. ज्यांना तीन महिन्यांची रात्र ठाऊकच नव्हती अशी ही माणसं. शीतयुद्धाच्या काळात या ओसाड बेटांवर "आमची माणसं राहतात" असं दाखवणं सरकारला सोयीचं होतं, हा आरोप अनेक वर्षं होत राहिला. माफी मागायला २०१० साल उजाडलं. पुतळा त्याच वर्षीचा.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात संध्याकाळी, रबरी झोडियाक बोटींतून जहाजावर गेलो. चढताच बूट जंतुनाशकात बुडवायचे, जॅकेटचे खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने साफ करून घ्यायच्या. बाहेरचं एखादं बी तिकडे जाऊ नये म्हणून ही खबरदारी. ताईच्या पर्सच्या तळातून बडीशेपेचे दाणे निघाले. तपासणाऱ्या मुलीने ते कागदावर घेतले आणि हे काय म्हणून विचारलं. ताईने तिला खाऊन दाखवले.

दुसरा दिवस : बीची

जाग आली तेव्हा समोर डेव्हन होतं. क्षेत्रफळ सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाहून थोडं जास्तच. गोवा घेतलं तर पंधरा गोवे बसतील. जगातलं सगळ्यात मोठं निर्जन बेट. मनात मी उंचच उंच हिमशिखरं रंगवली होती. समोर होते सपाट माथ्याचे, पिवळट करड्या रंगाचे कडे, पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रात उतरलेले. पहिल्या नजरेत सह्याद्रीच! मी तसं म्हणालो आणि ताईचा तास सुरू झाला.

"दिसायला सारखे, जन्माने नाहीत. आपले थर लाव्ह्याचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. हे थर समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे, चाळीस कोटी वर्षांहून जुने. आणि साचले तेव्हा ही जमीन विषुववृत्ताजवळ होती." किनाऱ्यावर उतरल्यावर तिने पायाशी बोट दाखवलं. खडकाच्या एका चपट्या तुकड्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं उमटलेली. प्रवाळ. उणे चाळीस सोसणाऱ्या किनाऱ्यावर उबदार समुद्रातलं प्रवाळ पडलेलं. उचलायला मनाई आहे, म्हणून गुडघे टेकून फोटो काढले.

बीची हे चिमुकलं बेट डेव्हनच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला गोट्यांच्या एका चिंचोळ्या पट्टीने चिकटलेलं आहे. १८४५ च्या मे महिन्यात सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणारी वाट शोधायला निघाले. बरोबरचे मिळून १२९ जण, एकही परत आला नाही. पहिला हिवाळा त्यांनी इथे काढला. १८५० मध्ये शोधपथकांना इथे तीन कबरी सापडल्या आणि खडी भरून ठेवलेले शेकडो रिकामे डबे. पुढे कुठे जाणार, याची एक ओळसुद्धा नाही.

त्या तीन कबरी आजही तशाच ओळीने आहेत. जॉन टॉरिंग्टन, वय २०, १ जानेवारी १८४६ ला गेला. जॉन हार्टनेल, वय २५, तीन दिवसांनी. विल्यम ब्रेन एप्रिलमध्ये. चौथी कबर नंतरच्या शोधमोहिमेतल्या एका खलाशाची. लाकडी फळ्या आता प्रतिकृती आहेत, मूळ फळ्या संग्रहालयात नेल्या. १९८४ आणि १९८६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांच्या पथकाने कबरी उघडल्या, तेव्हा चेहरे, पापण्या, कपडे जवळजवळ जसेच्या तसे होते. डब्यांच्या झाळकामातल्या शिशाने विषबाधा झाली, हा तर्क तेव्हापासून खूप गाजला. नंतरच्या अभ्यासांनी मात्र एकट्या शिशावर खापर फोडता येणार नाही असं म्हटलं. फुप्फुसाचे आजार आणि उपासमार यांचा वाटा मोठा असावा.

आमच्यातले बरेच जण कबरींपाशीच रेंगाळले. मला थोडं पुढचं नॉर्दम्बरलँड हाऊस जास्त भिडलं. फ्रँकलिन परत आलाच तर त्याच्यासाठी अन्न आणि कोळसा असावा, म्हणून शोधपथकाने १८५२ च्या सुमारास बांधलेलं कोठार. लाकूड कुठलं, तर बर्फात चिरडलेल्या एका अमेरिकन व्हेलमारू जहाजाचं. या बेटावर झाडच नाही, तेव्हा प्रत्येक फळी कुठल्या ना कुठल्या बुडालेल्या जहाजातून आलेली. आता खांबांचे बुंधे, पिंपांच्या वाकलेल्या फळ्या आणि गंजून तपकिरी झालेले डबे उरलेत. एका फळीत ठोकलेला खिळा मी बराच वेळ पाहत होतो. लाकडावरचे रेषेरेषेचे उंचवटे वाऱ्याने कोरून काढलेत, पण लाकूड कुठेही भुसभुशीत झालेलं नाही. वाळवी नाही, बुरशी जवळपास नाही, ओल नाही. आपल्या कोकणात एवढ्या काळात या फळीची माती होऊन त्या मातीतलं झाडही म्हातारं झालं असतं.

तिसरा दिवस : रॅडस्टॉक बे

या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्या सहलीत मला आवडलेला दिवस हाच.

उपसागराच्या काठाशी कॅसवॉल टॉवर नावाचा एकटा कडा उभा आहे, चहूबाजूंनी सुटा. सकाळी उतरायचं ठरलं होतं, पण पहाऱ्यावरच्या लोकांना किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक अस्वलीण आणि तिचं पिल्लू दिसलं. बंदुकीवाले पहारेकरी आधी किनाऱ्यावर जातात, माथ्यावर उभे राहून चारी दिशा पाहतात आणि हिरवा कंदील मिळाला तरच प्रवासी उतरतात. अस्वल दिसलं की उतरणं रद्द, त्यावर वाद नाही. आम्ही झोडियाकमधूनच बऱ्याच अंतरावरून पाहिलं. पांढरं म्हणतात, पण करड्या खडीवर ते साईच्या रंगाचं, जरासं मळकट दिसतं. पिल्लू दर दोन पावलांनी थांबत होतं. आई मागे वळूनही पाहत नव्हती.

ती दोघं डोंगराआड गेली आणि दुपारी आम्ही विरुद्ध बाजूला उतरलो. इथल्या किनाऱ्याला पायऱ्या आहेत. समुद्रापासून वर खडीचे बांध एकामागे एक चढत जातात. हे सगळे जुने किनारे. हिमयुगात डेव्हनवर बर्फाचं प्रचंड ओझं होतं. ते दहा हजार वर्षांपूर्वी उतरायला लागलं, तशी दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. ती अजूनही येते आहे. त्यामुळे जितकं वर जाल तितका किनारा जुना. एका उंच बांधावर व्हेल माशाचं हाड पडलेलं होतं, समुद्रापासून चांगलं लांब. कुणी वाहून नेलेलं नाही. तो व्हेल किनाऱ्याला लागला तेव्हा किनारा तिथे होता.

खालच्या बांधांपैकी एकावर थुले लोकांची घरं आहेत. हे आजच्या इनुइटांचे पूर्वज, हजार-आठशे वर्षांपूर्वी अलास्काकडून पूर्वेला पसरत आले. घर अर्धं जमिनीत खणलेलं, भिंती दगड-मातीच्या, आणि छपराला बोहेड व्हेलच्या बरगड्या आणि जबडे. लाकूड नाही म्हटल्यावर तुळई कशाची करणार? आत शिरायचा बोगदा घराच्या जमिनीपेक्षा खाली. थंड हवा जड, ती बोगद्यातच पडून राहते, आत येत नाही. चरबीच्या दिव्याची ऊब वर ओट्यावर टिकते. हे शोधून काढणाऱ्याला कुठल्याच पुस्तकात जागा नाही, आणि नैर्ऋत्येच्या कबरींपाशी मात्र रोज फोटोंची रांग.

लांबून घर ओळखायची खूण मोठी मजेशीर आहे. सगळं बेट करडं आणि मध्येच गालिचा अंथरल्यासारखा हिरवा तुकडा. या वाळवंटी जमिनीत नत्र आणि फॉस्फरसची वानवा असते. व्हेलची हाडं, चरबी, खरकटं शतकानुशतकं झिरपत राहिलं, त्यामुळे घरांच्या जागी शेवाळ आणि गवत माजलंय. माणसं जाऊन चार-पाचशे वर्षं झाली तरी त्यांच्या स्वयंपाकघरावर अजून झाडोरा वाढतोय. हवामान थंडावलं, बर्फ वाढला, व्हेलचा मार्ग बदलला आणि त्यांनी या भागातली मोठी वस्ती सोडली असं मानतात. म्हणजे "इथे कुणी राहूच शकत नाही" हे खरं नाही. राहत होते, हिशेब बसेना तेव्हा निघून गेले.

परतताना ताई एका जागी खाली बसली. तिथे जमिनीवर दगडांची वर्तुळं होती, एकाला एक लागून, दोन-दोन पावलांची. कडेला मोठे दगड, मध्ये बारीक ओलसर माती. कुणीतरी मांडून ठेवल्यासारखी. खाली शेकडो मीटर जमीन कायमची गोठलेली, फक्त वरचा हात-दीड हात थर उन्हाळ्यात सुटतो. तो पुन्हा गोठताना फुगतो, सुटताना बसतो, आणि या वर-खाली होण्यात मोठे दगड कडेला ढकलले जातात. हजारो हिवाळे ही चाळणी चालू आहे. पाणी फार कमी पडतं, पण खाली मुरायला वाव नाही, म्हणून वाळवंटात चिखल.

अशाच एका वर्तुळाच्या आडोशाला पिवळी पॉपी होती, वीतभर देठाची. देठावर काळसर लव. पाकळ्यांची वाटी सूर्याकडे वळलेली. सूर्य चोवीस तास आकाशात फिरतो आणि फूल त्याच्याबरोबर मान फिरवतं. वाटीच्या तळाशी ऊन एकवटतं आणि बाहेरपेक्षा काही अंश जास्त ऊब तयार होते. एक माशी त्यात बसली होती, हलतही नव्हती. परागकणांसाठी आली असेल, पण मला तरी ती शेकत बसल्यासारखी वाटली. जवळच आर्क्टिक विलो होता. हे या बेटावरचं झाड! घोट्यापेक्षा बुटकं, जमिनीला सरपटत पसरलेलं. बोटाएवढ्या जाडीच्या खोडाने शंभरी ओलांडलेली असू शकते. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही दगडांवरून उड्या मारत परतलो. इथे चिखलात उमटलेलं पाऊल पुसायला पाऊस येत नाही, गाडीच्या चाकोऱ्या तर पिढीभर राहतात.

चौथा दिवस : धुकं

काही दिसलं नाही. थंड पाण्यावर जराशी उबदार हवा आली की उन्हाळ्यात इथे धुकं धरतं, आणि धरलं की धरलं. मॅक्सवेल बेचा बेत बारगळला. जहाज भोंगा वाजवत हळूहळू चाललं. कुणीतरी मोबाइलमधलं होकायंत्र काढून गंमत पाहत होतं. चुंबकीय ध्रुव विसाव्या शतकात याच बेटांच्या गर्दीतून सरकत सरकत उत्तरेला गेला. इथे चुंबकीय बल जवळजवळ सरळ खाली ओढतं, त्यामुळे सुई कुठल्याही दिशेला भटकते. जुन्या खलाशांनी सूर्यावर भिस्त ठेवली, आणि असं धुकं पडलं की तीही गेली.

जेवणानंतर व्याख्यान होतं हॉटन विवरावर. बेटाच्या पश्चिम भागात, आत पठारावर, वीस किलोमीटरहून जास्त व्यासाचं हे विवर एका अशनीच्या आघाताने झालं. तिथे जहाजाचे प्रवासी जात नाहीत, छोटं विमान खडीवर उतरवून संशोधक जातात. वयाबद्दल मतं बदलत गेली, २.३ कोटी ते ३.९ कोटी वर्षांदरम्यानचे आकडे आले आहेत. एवढं जुनं विवर दुसरीकडे कधीच झिजून, गाळाने भरून, जंगलाखाली गेलं असतं. इथे नद्या वर्षातले थोडेच आठवडे वाहतात, झाडं नाहीत, माती नाही. म्हणून कडा, उडालेला राखाडी चुरा, खोलातून वर फेकला गेलेला आणि धक्क्याने जाळीदार झालेला हलका नीस (उष्णतेने-दाबाने बनलेला पट्टेदार खडक), सगळं उघड्यावर आहे.

याच कारणासाठी १९९७ पासून नासाच्या मदतीने तिथे मंगळाचा सराव चालतो. थंड, कोरडं, ओसाड, विवरवालं, वर गोठलेली जमीन. अंतराळवीरांचे पोशाख, रोव्हर, ड्रिल इथे तपासून पाहतात. कॅमेरा नीट धरला तर फोटोत पृथ्वी आहे हे ओळखू येत नाही.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारायला पहिला हात अर्थातच ताईचा. तिने लोणारबद्दल विचारलं. बुलढाण्यातलं लोणार १.८ किलोमीटरचं, हॉटनपुढे लहान. पण ते बेसॉल्टमध्ये पडलंय, आणि मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचाच. व्याख्यात्या बाईंनी लगेच मान्य केलं की त्या बाबतीत लोणार सरस, कारण हॉटनचा वरचा खडक चुनखडीचा. नंतर दोघी कॉफी घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि मी तासभर एकटा धुकं बघत होतो. ताई कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना लोणारला नेत असे, एसटीने, डबे बांधून. मला त्या व्याख्यानातली दुसरीच गोष्ट पटकन पचली नाही. आघातानंतर विवरात तळं साचलं. त्याच्या गाळात २००७ मध्ये 'पुइजिला' सापडला, पायांनी चालणारा, पाणमांजरासारखा दिसणारा, सीलच्या कुळातला आद्य प्राणी. आणि त्याच गाळातून १९८६ च्या सुमारास गोळा केलेली हाडं तपासून २०२५ मध्ये संशोधकांनी एका नामशेष गेंड्याची नवी जात जाहीर केली. डेव्हन बेटावर गेंडा! तेव्हा इथे जंगल होतं, समशीतोष्ण हवा होती. अंधार मात्र तेव्हाही तीन महिन्यांचाच असणार, कारण त्याला तापमान नव्हे, अक्षांश जबाबदार. त्या अंधारात गेंडा काय करत असेल, हे मी ताईला विचारलं. "झोपत असेल, तू झोप आता," म्हणाली.

पाचवा दिवस : क्रोकर बे

धुकं फाटलं आणि देखावाच बदलला. पूर्वेकडे येता येता चुनखडीच्या सपाट थरांखालून जुना नीस खडक डोकं वर काढतो आणि त्याच्या मागे डेव्हनची हिमटोपी. सुमारे १४ हजार चौरस किलोमीटर बर्फ, माथा समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरच्या वर, जाडी काही ठिकाणी आठशे मीटरहून अधिक. पश्चिमेला वाळवंट, पूर्वेला हिम, एकाच बेटावर. बॅफिन उपसागराचं पाणी जवळ असल्याने पूर्वेच्या उंच भागाला थोडं जास्त हिम मिळतं आणि उंचीमुळे ते टिकतं.

क्रोकर बेमध्ये या टोपीतून उतरलेल्या हिमनद्या थेट समुद्रात घुसतात. झोडियाक लांब उभी केली. वारा नव्हता, आणि अचानक बर्फाकडून गार झोत आला, कुणी दार उघडावं तसा. टोपीवरची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून घसरत खाली येते. हिमनदीची भिंत पांढरी नव्हे, निळी. दाबाने आतले हवेचे बुडबुडे निघून गेलेला बर्फ तांबडा प्रकाश गिळतो आणि निळा तेवढा परत पाठवतो. एक तुकडा तुटला. आधी दिसला, मग बऱ्याच वेळाने आवाज आला, मग लाट. बोट चालवणाऱ्या मुलाने तोंड लाटेकडे वळवलं आणि आम्ही नुसते वर-खाली झालो.

१९६१ पासून हिमटोपीच्या वायव्य भागात खांब रोवून दरवर्षी बर्फाचा जमाखर्च मोजला जातो. आर्क्टिकमधल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. २००५ नंतर तूट ठळकपणे वाढली आहे. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या तिप्पट-चौपट वेगाने तापतोय, हे आपण बातम्यांत वाचतो आणि पान उलटतो. तिथे मला त्याचा एक वेगळा अर्थ लागला. बेटावरचं सगळं जे टिकलंय ते थंडी आणि कोरडेपणाच्या जिवावर. वरचा थर खोलवर सुटू लागला, किनाऱ्याला बर्फाचं कवच कमी काळ राहिलं, तर आठशे वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होईल. हाडं, कातडी, लाकूड, कबरी. पुरातत्त्वज्ञ आता उत्खननाची घाई करू लागलेत ते त्यासाठीच.

सहावा दिवस : डंडस हार्बर

१९२४ मध्ये कॅनडाने इथे पोलिस ठाणं उघडलं. रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांचे मोजके शिपाई. राहायला माणूस नाही, गुन्हा करायला कोणी नाही, तरी ठाणं. ही बेटं आमची आहेत हे जगाला दिसावं, एवढंच काम. तीन लाकडी इमारती अजून उभ्या आहेत, छपरं खचलेली, एका भिंतीवर जुन्या वर्तमानपत्राची लक्तरं. खिडकीतून डोकावलं तर आत एक शेगडी.

मागे टेकाडावर कुंपण घातलेली छोटी दफनभूमी आहे. त्यात दोन शिपाई आहेत. एकाने १९२६ मध्ये जीव दिला, दुसरा १९२७ मध्ये शिकारीच्या वेळी बंदुकीच्या अपघातात गेला. १९३३ ला ठाणं बंद झालं. मग कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने ती जागा घेतली आणि १९३४ मध्ये बॅफिन बेटावरच्या वेगवेगळ्या गावांतली इनुइट कुटुंबं इथे आणली, कोल्ह्यांच्या कातड्यांसाठी. बंदरातला बर्फ खडबडीत, कुत्र्यांच्या घसरगाड्या चालेनात. १९३६ ला पुन्हा सगळ्यांना हलवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलिस परत आले आणि १९५१ ला कायमचे गेले.

ताई पायऱ्यांवर बसून सगळ्या तारखा वहीत उतरवत होती. "बघ," म्हणाली, "जे स्वतःहून आले ते शेकडो वर्षं राहिले. जे कुणीतरी आणून ठेवले ते दोन-चार वर्षांत हरले." थुले लोक व्हेलच्या मागे आले आणि व्हेल होते तोवर राहिले. बाकीच्यांना कुणाच्या तरी नकाशासाठी किंवा कुणाच्या तरी वहीखात्यासाठी आणलेलं. हे मला पटलं, पण रेझोल्यूटची माणसं आठवली आणि पूर्ण पटलं नाही. तीही आणूनच ठेवलेली आणि ती अजून आहेत. ताईने मान हलवली आणि त्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं.

निघताना खाली ओलसर गवतात कस्तुरी बैलाची लोकर अडकलेली दिसली, करड्या रंगाची, कोळ्याच्या जाळ्यासारखी मऊ. बैल काही दिसले नाहीत. पाण्यात मात्र वॉलरसांचा एक घोळका मुरलेला होता. जमिनीवर जेवढी कंजुषी, समुद्रात तेवढी सुगी. लँकेस्टर साउंडमध्ये, म्हणजे डेव्हनच्या दक्षिणेच्या सामुद्रधुनीत, प्रवाह पाणी घुसळतात, काही जागा हिवाळ्यातही पूर्ण गोठत नाहीत, म्हणून नरव्हाल, बेलुगा, बोहेड असे व्हेल, लाखो समुद्रपक्षी. २०१९ च्या करारानंतर 'ताल्लुरुतिउप इमांगा' हे एक लाख चौरस किलोमीटरहून मोठं सागरी संरक्षित क्षेत्र इथे उभं राहतंय, आणि त्यात इनुइटांचा वाटा नावापुरता नाही.

सातवा दिवस : पाँड इनलेट

रात्रीत साउंड ओलांडून बॅफिन बेटाला लागलो. पाँड इनलेट म्हणजे आमच्या मानाने महानगर, शाळा, दुकान, खेळायला पोरं. दुकानात सफरचंदांची किंमत पाहून ताईने ती परत जागेवर ठेवली.

गाव दाखवायला आलेल्या इनुइट बाईंना मी विचारलं, की डेव्हनवर आता कुणीच जात नाही का. त्या हसल्या. वसंतात समुद्र गोठलेला असतो तेव्हा शिकारी स्नोमोबाइल घेऊन त्या बाजूला जातात, ग्रीस फियर्डचे आणि आर्क्टिक बेचेही. तंबू ठोकून राहतात, अस्वल किंवा सील मिळालं की परततात. अलीकडे बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो, म्हणून वाट कुठून काढायची हे दरवर्षी नव्याने ठरवावं लागतं. त्यांच्या भावाने या वर्षी जायचं टाळलं होतं, मध्येच फट पडली होती म्हणून. पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच निघणार, म्हणाल्या.